तार परत जागेवर आली पाहिजे

वाद्यदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीविषयीचे, म्हणजे तारांची मागची टोकं धरून स्वर हलवणाऱ्या व्हायब्रेटो टेलपीसविषयीचे प्रश्न इतके आले की सगळा भाग त्यालाच दिला आहे. यातले बहुतेक प्रश्न वेगळे दिसले तरी मूळ एकच आहे. दांडी दाबल्यावर तार सैल होते, सोडल्यावर ती नेमकी पूर्वीच्या जागी परत यायला हवी. ती वाटेत कुठे अडते हे शोधलं की निम्मं काम झालं. दोष बहुतेक वेळा टेलपीसचा नसतो.

प्रश्न : माझी गिटार लेस पॉल घाटाची, वरून फुगीर अंगाची आहे. बिग्स्बी पद्धतीचा टेलपीस मागवला. खोक्यात सूचनांचा कागद नाही. भोकं पाडण्याआधी काय बघावं? घरी करण्यासारखं काम आहे का? (टिळकवाडी, बेळगाव)

घरी होण्यासारखं आहे. मात्र ड्रिल हातात घेण्याआधीचं मोजमाप हेच खरं काम आहे, त्याला एक अख्खी दुपार द्या.

आधी हातात आलेला नमुना कोणता ते ओळखा. घोड्याच्या नालासारखा आखूड आणि पूर्णपणे अंगावर सपाट बसणारा असेल तर तो बी-५. तो सपाट अंगाच्या गिटारसाठी आहे. लांब, मागच्या टोकाला बिजागरी असलेला आणि पट्ट्याच्या बटणापर्यंत जाणारा असेल तर बी-७. तुमच्या फुगीर अंगाला हाच लागतो. तिसरा बी-३. त्याला तारा खाली दाबणारा पुढचा आडवा दाबदांडा नसतो, तो पोकळ गिटारींसाठी असतो. तुमच्या गिटारवर तो लावलात तर तारा ब्रिजवर, म्हणजे अंगावरच्या घोडीवर, पुरेशा दाबल्या जाणार नाहीत आणि जोरात वाजवताना खाचेतून बाहेर पडतील. चुकून बी-५ आला असेल तर परत करा. फुगीर अंगावर त्याचा मधला भागच टेकतो, कडा अधांतरी राहतात, आणि स्क्रू आवळत गेलं की चौकट तडकते. ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असते. ओतकाम वाकत नाही, थेट तुटतं, हे उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याला सांगायला नको. हा टेलपीस काढणारा पॉल बिग्स्बी हा कॅलिफोर्नियातला, मोटरसायकलचे भाग घडवणारा पॅटर्नमेकर होता. चौकटीकडे नीट पाहिलं तर तो हात दिसतो.

भोकं टाळायची असतील तर वायब्रामेट नावाची जोडपट्टी मिळते. जुना स्टॉपबार, म्हणजे तारांची टोकं धरणारी न हलणारी पट्टी, काढायचा, त्याच्याच दोन जाड स्क्रूंवर पट्टी बसवायची आणि पट्टीवर टेलपीस. गिटार चांगली, जुनी किंवा पुढे विकायची असेल तर आमचं मत सरळ याच बाजूने आहे. मागवण्याआधी जुन्या स्क्रूचे आटे तपासा. अमेरिकन गिटारला ५/१६ इंची बारीक आटे असतात, आशियाई बनावटीच्या बहुतेक गिटारींना ८ मिलिमीटरचे मेट्रिक. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या बुशमध्ये, म्हणजे लाकडात बसवलेल्या आटेदार नळीत, दोन वेढे जातो आणि मग अडकतो. जोर केला तर बुशच लाकडातून उखडून येतो.

भोकं पाडायचीच असतील तर असं करा. ब्रिज जागेवर ठेवून स्टॉपबार काढा. टेलपीसच्या सगळ्या पायांखाली येईल एवढ्या जागेवर मास्किंग टेप लावा. पट्ट्याचं मागचं बटण काढून त्याच भोकातून बिजागरीची पट्टी सैल अडकवा. इथेच पहिला धोका आहे. स्वस्त गिटारींमध्ये बटणाचं भोक मधोमध नसतं, दोन-तीन मिलिमीटर बाजूला असतं, आणि त्यावर विसंबून बसवलेला टेलपीस कायमचा तिरका राहतो. म्हणून पुढचा भाग टेपने धरून फक्त पहिली आणि सहावी तार चढवा, जेमतेम सरळ राहतील इतकीच ताणा. आता गिटार मांडीवर न घेता टेबलावर ठेवा आणि बरोबर वरून, एक डोळा मिटून पाहा. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) टेलपीसच्या फिरत्या आडव्या आसापर्यंत तार एका रेषेत दिसली पाहिजे. सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तारेच्या टेक्यावर, ती डावी-उजवीकडे कोपरा करून वळत असेल तर पुढचा भाग केसभर सरकवा, पुन्हा पाहा. शेवटच्या फ्रेटपाशी (पडद्यापाशी) दोन्ही तारांचं मानेवरच्या पट्टीच्या कडेपासूनचं अंतर सारखं आहे ना, तेही मोजा. जमलं की पायांच्या भोकांतून अणकुचीदार खिळ्याने टेपवर टिंब करा. बटणाचं भोक बाजूला निघालं तर ते बुजवून नवं पाडावं लागेल. त्याची रीत शेवटच्या उत्तरात आहे.

ड्रिल बिटची जाडी आकड्यावरून ठरवू नका. बिट स्क्रूच्या पुढे धरून उजेडाकडे पाहा. बिटने स्क्रूचा गाभा झाकला जावा, आटे मात्र दोन्ही बाजूंनी दिसावेत. वरचा थर मेपलचा, म्हणजे कठीण असेल तर त्यापेक्षा किंचित जाड बिट घ्या. मेपलमध्ये बारीक भोकात स्क्रू फिरवला तर त्याचं डोकं मोडून हातात येतं आणि उरलेला भाग आत राहतो. स्क्रू जेवढा आत जायचा तेवढ्या लांबीवर बिटला टेपची पट्टी गुंडाळा आणि ती लाकडाला टेकली की थांबा. स्क्रूच्या आट्यांवर कोरडा साबण किंवा मेण घासा. फुलीचा डिसमिस बरोबर मापाचा हवा. शेवटचे दोन वेढे हातानेच द्या.

यानंतरची गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. अशा गिटारींमध्ये अर्थची वायर बहुधा स्टॉपबारच्या एका बुशला आतून टेकलेली असते. स्टॉपबार गेला की तारांचा अर्थ तुटतो. मग अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि तारांना हात लावला तरी थांबत नाही. जोडपट्टी वापरली असेल तर धातूतून अर्थ आपोआप जुळतो. नसेल तर आतल्या खोबणीतून ब्रिजच्या एका बुशपर्यंत बारीक वायर न्या. तारा ब्रिजला टेकतातच, तेवढं पुरतं. मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावून बीप येतो का पाहा. चौकटीखाली वायर दाबून भागवू नका. लाकडावरची लॅकर आणि चौकटीचं पॉलिश मध्ये येतं आणि जोड कधी लागतो, कधी नाही.

आता तारा. या टेलपीसला आसावर सहा छोट्या पिना असतात आणि तारेच्या टोकाची पितळी गुंडी पिनेवर अडकवायची असते. सरळ तार नेलीत तर दुसऱ्या टोकाला खुंटी पिळेपर्यंत गुंडी चार वेळा निसटेल. म्हणून आधी गुंडीजवळचा दोन सेंटिमीटर भाग गोल पेन्सिलीवर दाबून अर्धगोल वळवून घ्या. तार पुढच्या दाबदांड्याखालून मागे न्या, आसाच्या वरून पलीकडे उतरवा, वळवलेलं टोक आसाला मिठी मारल्यासारखं बसेल, मग गुंडी पिनेवर. स्पंजचा एक तुकडा आस आणि चौकट यांमध्ये कोंबला तर ताण येईपर्यंत गुंडी हलत नाही. सगळ्या तारा सुरात आल्या की स्पंज काढा.

दांडीखालची स्प्रिंग कपात सरळ उभी आहे ना ते बघा, आणि तिच्याबरोबर आलेली नायलॉनची चकती टाकून देऊ नका. ती नसेल तर दर दाबाला कुरकुर ऐकू येते. स्प्रिंग ७/८ इंच आणि १ इंच अशा उंचीत मिळते. जाड तारांनी दांडी खाली येऊन अंगाला टेकायला लागली तर उंच स्प्रिंग घाला. दांडी फार खाली दाबायची हाव धरू नका. हा टेलपीस स्वर थरथरवण्यासाठी आहे, तारा लोंबेपर्यंत दाबण्यासाठी नाही.

प्रश्न : टेलपीस नीट बसला आहे, पण दांडी दाबून सोडली की तिसरी तार चढी राहते. बाकीच्या बऱ्या असतात. टेलपीस सदोष आहे का? (निपाणी)

नाही, नट अडवतोय. दांडी दाबली की तार सैल पडते, तेव्हा खुंटीकडचा ताणलेला भाग तिला थोडा आपल्याकडे ओढून घेतो. दांडी सोडल्यावर तेवढा भाग नटच्या खाचेतून परत यायला हवा. खाच अरुंद किंवा खडबडीत असली की तो तिकडेच अडकतो आणि वाजणाऱ्या भागात ताण जास्त उरतो, म्हणून सूर चढा. खात्री करायची असेल तर चढी राहिलेली तार नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, बोटाने एकदा दाबून सोडा. ‘टिंग’ असा बारीक आवाज येऊन सूर बदलला तर निदान पक्कं. तिसऱ्या तारेलाच हे जास्त होतं. तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यावर नट सोडल्यावर तिला बाजूला मोठा कोन करून जावं लागतं.

खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं, ६बी असेल तर उत्तम, भरपूर घासा. पेन्सिलीला टोक नाही, सुरीसारखी धार काढा म्हणजे शिसं तळापर्यंत जातं. एवढ्याने नाही भागलं तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी दुमडून त्या खाचेत तारेच्याच दिशेने दहा-बारा वेळा फिरवा. खोली वाढवायची नाही, भिंती गुळगुळीत करायच्या. खोली वाढली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि मग नट बदलण्याशिवाय इलाज नाही. नवा हाडाचा नट करून घ्यायचा झाला तर निपाणीहून मिरज फार लांब नाही. गिटारचं काम करणारा नसला तरी सतारीच्या घोडीवर जवारी काढणाऱ्या कारागिराचा हात हाडावर कसा चालतो ते एकदा पाहावं. नमुना म्हणून जुना नट मात्र बरोबर न्या.

सूर चढा न राहता उतरा राहत असेल तर नट नाही, खुंटी पाहा. नवी तार ताणून घेतलेली नसते किंवा खुंटीवर पाच-सहा ढिले वेढे असतात. दोन-तीन वेढे पुरतात, एकाखाली एक, घट्ट.

प्रश्न : स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारचा ब्रिज साफ करायला पूर्ण सुटा केला. सहा स्क्रूचा आहे. आता कसा जोडावा? आवळून बसवला तर दांडी हलतच नाही. (खानापूर)

आवळून बसवला म्हणूनच हलत नाही. हे सहा स्क्रू ब्रिज धरून ठेवण्यासाठी नाहीत, ती बिजागरी आहे.

प्रथम ब्रिजच्या वरच्या प्लेटला खालचा लोखंडी ठोकळा तीन स्क्रूंनी जोडा. हे तीन मात्र पूर्ण आवळा, इथली ढिलाई सगळा आवाज खाते. सॅडल, त्यांचे मागचे लांब स्क्रू आणि स्प्रिंगा आताच घाला. मग ठोकळा अंगातल्या खिडकीतून खाली सोडा आणि सहा स्क्रू लावा. फेंडरची स्वतःची रीत अशी आहे : सहाही स्क्रू प्लेटपासून सुमारे १.६ मिलिमीटर वर राहतील इतपत सैल करायचे, मग फक्त बाहेरचे दोन प्लेटला टेकेपर्यंत खाली आणायचे. ब्रिज त्या दोघांवर डुलतो, मधले चार नुसते सोबतीला असतात. सहाही सारखेच आवळले की प्रत्येक जण वेगळ्या क्षणी प्लेटला अडवतो आणि तार कधीच जागेवर येत नाही.

गिटार पालथी करा. मागच्या खोबणीतला, स्प्रिंगा अडकवायचा पंजा दोन लांब स्क्रूंनी धरलेला असतो, अर्थची वायर त्यालाच सोल्डर केलेली असते. ती तुटली नाही ना पाहा. ९ ते ४२ च्या तारांना (हे जाडीचे आकडे, इंचाच्या हजाराव्या भागात) तीन स्प्रिंगा पुरतात, एक मधोमध, दोन तिरप्या. १० ते ४६ च्या तारांना गरज पडली तर चौथी घाला. तारा सुरात आणल्या की ब्रिजची मागची कड अंगापासून उचलली जाईल. हे अंतर ३.२ मिलिमीटर ठेवतात. जास्त असेल तर पंजाचे स्क्रू अर्धा वेढा आत, कमी असेल तर बाहेर, आणि दर वेळी सगळ्या तारा पुन्हा सुरात. पहिल्यांदा बसाल तेव्हा वैताग येईल, कारण एक तार लावली की दुसऱ्या पाच उतरतात. सहा-सात फेऱ्यांत ते थांबतं. दोन्ही बाजूंना ताण सारखा झाला की आपोआप थांबतं.

शेवटी सॅडल मागे-पुढे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला तोच स्वर जुळवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे. हे ब्रिजचं अंतर ठरल्यावरच करा, आधी केलंत तर सगळं वाया जाईल.

प्रश्न : गणपतीत सलग चार-चार तास ऑर्केस्ट्रात वाजवतो. मध्येच एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात. (शहापूर, बेळगाव)

तरंगत्या, म्हणजे मागची कड अंगापासून उचललेल्या, ब्रिजचा तो स्वभाव आहे. एका तारेचा ओढा गेला की मागच्या स्प्रिंगांचं पारडं जड होतं, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाच तारा चढतात. गाण्याच्या मध्यात याला उपाय नाही. तुम्ही ब्रिज अंगाला टेकवून ठेवा. पाच स्प्रिंगा घाला, पंजा आत घ्या, कड लाकडाला घट्ट बसू द्या. दांडीने सूर वर नेता येणार नाही, खाली मात्र येईल, आणि तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतील. रंगमंचावर एकच गिटार नेणाऱ्यासाठी आम्हाला हेच योग्य वाटतं. स्प्रिंगा मोठ्या आवाजात झणझणत असतील तर त्यांच्याखाली स्पंजची पातळ पट्टी सरकवा.

प्रश्न : दांडी ठोकळ्यात ढिली होऊन निघून आली, आत आटेच राहिले नाहीत. नवा ठोकळा शोधू का? (चिकोडी)

आधी दुरुस्त करून पाहा. बहुधा वेगळ्या आट्यांची दांडी जबरदस्तीने घातली गेली आहे. अमेरिकन मापाच्या दांडीचे आटे १०-३२ असतात, जवळपास ४.८ मिलिमीटर जाड. आशियाई गिटारींना ५ किंवा ६ मिलिमीटरचे मेट्रिक आटे असतात. ठोकळा प्लेटपासून सुटा करून लेथवाल्याकडे न्या. ५ मिलिमीटरचं भोक आणि ६ च्या टॅपचे आटे, एवढंच सांगा. बेळगावात उद्यमबागेत हे दहा मिनिटांचं काम आहे. मग ६ मिलिमीटरची दांडी विकत घ्या. जस्ताच्या ओतीव ठोकळ्यात टॅप सावकाश चालवायला सांगा, तो कडेने तुटतो. नवाच ब्रिज घ्यायचा ठरला तर बाहेरच्या दोन स्क्रूंचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. जुन्या अमेरिकन मापात ते सुमारे ५६ मिलिमीटर, इतर अनेकांत ५२.५ असतं. अंगाची जाडीही मोजा. पातळ अंगात पूर्ण उंचीचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो.

प्रश्न : कोणी ट्रेमोलो म्हणतं, कोणी व्हायब्रेटो. बरोबर काय? आणि याने मींड काढता येईल का? (अथणी)

स्वर वर-खाली हलतो तो व्हायब्रेटो, आवाज लहान-मोठा होतो तो ट्रेमोलो. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या ब्रिजला ट्रेमोलो म्हटलं, आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरमधल्या आवाज लहान-मोठा करणाऱ्या सर्किटला व्हायब्रेटो. दोन्ही नावं उलटी पडली आणि तशीच रुळली. दुकानात ट्रेमोलो म्हणूनच मागा.

मींडेपुरतं सांगायचं तर दांडीने सगळ्या तारा एकदम हलतात, त्यामुळे एकाच तारेवर वाजवत असाल तरच तिचा उपयोग. आंदोलनासाठी ती छान आहे, विशेषतः बिग्स्बीची, कारण तिचा पल्ला लहान आणि मऊ असतो. लांब मींड मात्र बोटाने तार ओढूनच घ्या. कान आणि बोट यांच्यात दांडी आली की नेमका स्वर गाठणं अवघड जातं.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रिंगा आणि सॅडलचे स्क्रू गंजून जाम झाले. जुनी चुकीची भोकंही बुजवायची आहेत. (जांबोटी)

तुमच्याकडच्या पावसात लोखंड उघडं ठेवून चालतच नाही. जाम झालेल्या बारीक स्क्रूला गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब काडीने द्या, रात्रभर ठेवा, मग अ‍ॅलन की आधी आवळण्याच्या दिशेने किंचित, नंतर सोडण्याच्या. थेट सोडायला गेलात तर षटकोन गोल होतो. तेल लाकडावर सांडू देऊ नका, लॅकर डागाळतं. जून ते सप्टेंबर गिटार खोक्यात ठेवा, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, आणि वाजवून झाल्यावर तारा व सॅडल कोरड्या सुती फडक्याने पुसा. घामाचं मीठ गंजाला सर्वांत आधी बोलावतं.

भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबू नका, त्या स्क्रूचा ताण घेत नाहीत. भोक ६ मिलिमीटरने सरळ मोठं करा, सागवानाची तेवढ्याच जाडीची खुंटी सुताराकडून घ्या, फेव्हिकॉल लावून हलक्या हातोडीने बसवा, वर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात निदान दोन दिवस वाळू द्या, एरवी एक पुरतो. मग वरचा भाग तासून सपाट करा. नवं भोक खुंटीच्या मधोमध पाडता आलं तर उत्तम. ते अर्धं खुंटीत आणि अर्धं जुन्या लाकडात आलं, तर बिट मऊ बाजूला घसरतो आणि स्क्रू तिरका बसतो.